तिसऱ्या मागाचा हिशेब : नारायण मल्हार जोशी

दर गणपतीत आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. रात्रीची आरती आटोपली, जेवणे झाली, पडवीत सुपारी कातरली जाऊ लागली की आजोबा आणि वडील गिरणीवर येतात. आजोबा मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. माग म्हणजे त्यांच्या भाषेत साचा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्या दिवशी ते बाहेर पडले ते पुन्हा आत गेले नाहीत. वडील तेव्हा दहा वर्षांचे होते. मुंबईची शाळा आणि चाळीतले सोबती सोडून त्यांना गावी यावे लागले, आणि ते दुःख त्यांच्या मनातून अजून गेलेले नाही. काम कमी आणि मागण्या फार असे झाल्यावर कोणता धंदा टिकेल, युनियननेच गिरण्या बुडवल्या, असे वडिलांचे म्हणणे. युनियन नसती तर गिरणीने माणसाला पिळून चिपाड केले असते, असे आजोबांचे. शेवटी आजी पानाचा डबा आवरून आत जाते आणि वाद पुढल्या वर्षावर जातो.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या सरांनी आम्हा तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना निबंधासाठी नेमका हाच विषय दिला : कामगार संघटनांचा कारखान्याच्या कार्यक्षमतेवर होणारा परिणाम. मला वाटले, घरचेच तर आहे. अर्धा निबंध वडिलांचा, अर्धा आजोबांचा, की झाले काम. पण ग्रंथालयात मागच्या कपाटांतली पुस्तके चाळताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर येऊ लागले. ते नाव म्हणजे ना. म. जोशी. लोअर परळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे एवढेच मला ठाऊक होते, आणि आजोबा तर त्या रस्त्याला अजूनही डिलाईल रोडच म्हणतात. हे गृहस्थ आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचे, हे वाचून मला खरोखर लाज वाटली. निबंध बाजूला राहिला आणि मी या माणसाच्या चरित्रामागे लागलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहे.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी झाला. गोरेगाव म्हटले की हल्ली मुंबईचे उपनगर डोळ्यांपुढे येते, पण हे गोरेगाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, आजच्या रायगडातले. शिक्षणासाठी ते पुण्याला गेले, डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले आणि काही वर्षे त्यांनी शाळामास्तरकी केली. एका पांढरपेशा पदवीधराचे आयुष्य याच रुळावरून सुखाने पुढे जायचे. परंतु १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि रूळ बदलले. गोखल्यांची शिकवण अशी की देशसेवा हे फावल्या वेळचे काम नव्हे. त्यासाठी अभ्यास लागतो, आकडे लागतात आणि जन्म लागतो. जोशींनी ही शिकवण गिरणगावात नेली.

१९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था निघाली आणि जोशी तिचे चिटणीस झाले. त्या वेळी मुंबईत ऐंशीहून अधिक कापडगिरण्या होत्या आणि त्यांत लाखभर माणसे राबत होती. कोकणातून आणि घाटावरून आलेली ही माणसे चाळीच्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. लीगने त्यांच्यासाठी रात्रीच्या शाळा काढल्या, वाचनालये चालवली, पतपेढ्या उभ्या केल्या. परळचा दामोदर हॉल आपल्या लोकांना नाटकांमुळे ठाऊक. त्या वास्तूशीही या लीगचे नाव जोडलेले आहे. जोशी कामगारांकडे गेले ते झेंडा घेऊन नव्हे, पाटी-पेन्सिल घेऊन. कामगाराचा दिवस कसा जातो, हे त्यांनी आधी पाहिले.

काय होता तो दिवस? १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांत पुरुष कामगारासाठी बारा तासांची मर्यादा घातली, आणि तीही मोठी सुधारणा समजली गेली! त्याआधी दिव्याच्या उजेडात याहून लांब पाळ्या चालत. आता येथे आमच्या विषयाचा पहिला धागा सापडतो. हिंदी कामगार आळशी आहे, यंत्र सोडून सारखा बाहेर विडी ओढायला जातो, अशी तक्रार त्या काळी सर्रास होई. १९०८ च्या फॅक्टरी कमिशनपुढेही हा विषय आला होता. पण बारा-तेरा तास तापलेल्या, दमट, कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत कोणीही सलग उभा राहू शकत नाही. त्याला विसावा रीतसर मिळाला नाही तर तो चोरून घेतो. मालकही हे जाणून जादा माणसे बाळगत. म्हणजे कागदावर बारा तास, प्रत्यक्षात काम त्याहून कमी. १९२० च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला, १९२२ च्या कायद्याने आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली आणि १९३४ च्या कायद्याने ती चोपन्न तासांवर आणली. तास कमी झाले म्हणून मुंबईचा कापडधंदा बंद पडला नाही. उलट ज्याला आपण शिस्त म्हणतो, ती यायला जागा झाली.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा धान्य आणि कापड यांचे भाव चढले होते आणि मजुरी मागे पडली होती. १९१९ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांतले लाखभर कामगार संपावर गेले, पण त्यांच्यामागे एकही कायमची संघटना नव्हती. वणवा लागावा तसा तो संप एका गिरणीतून दुसरीत गेला. बोलणी करायची तर कोणाशी, आणि झालेला करार पाळणार कोण, असा प्रश्न मालकांपुढे आणि सरकारपुढे पडला. संघटना नसली म्हणजे संप होत नाहीत, हा समज किती चुकीचा आहे हे येथे दिसते. संप होतोच, फक्त त्याला तोंड नसते.

त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेची पहिली बैठक भरली आणि तिला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले. पुढच्या वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि ती उभी करणाऱ्यांत जोशी होते. पण त्या काळी युनियन काढणे हेच मुळात धोक्याचे होते. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या प्रकरणात तेथील युनियनच्या पुढाऱ्यांवर हायकोर्टाचा मनाईहुकूम आला. कामगारांना संप करा म्हणून सांगणारा माणूस नुकसानभरपाईला पात्र ठरू शकत होता. जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळाचे नियुक्त सभासद होते. त्यांनी १९२१ मध्ये तेथे ठराव आणला की युनियनांची नोंदणी व्हावी आणि त्यांना कायद्याचे संरक्षण मिळावे. ठराव संमत झाला. कायदा व्हायला मात्र १९२६ साल उजाडले. स्त्री कामगारांना बाळंतपणाच्या वेळी साहाय्य मिळावे म्हणून १९२४ मध्ये त्यांनी विधेयक आणले, तेही फेटाळले गेले. पण १९२९ मध्ये मुंबई प्रांताने तशा स्वरूपाचा कायदा केला. जोशींच्या आयुष्यात असे वारंवार दिसते. ते एका दाराशी जाऊन उभे राहतात, दार उघडत नाही, काही वर्षांनी तेच दार उघडते आणि आत शिरणाऱ्यांना त्यांची आठवण राहत नाही.

१९२५ मध्ये मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली आणि मुंबईचे कामगार पुन्हा संपावर गेले. कापडावर सरकारचा साडेतीन टक्के अबकारी कर होता. तो परवडत नाही, असे मालक म्हणत. डिसेंबरात सरकारने तो कर स्थगित केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि संप मिटला. या संपात जोशी मदतकार्यात आणि वाटाघाटींत गढलेले होते. त्यातूनच १९२६ च्या आरंभी बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन उभी राहिली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. १९२७ मध्ये टॅरिफ बोर्डाचा अहवाल बाहेर आला. त्यात दिलेले आकडे मी वहीत उतरवून घेतले आहेत. मुंबईचा कातणारा कामगार १८० चात्या सांभाळतो, जपानचा २४०, इंग्लंडचा ५४० ते ६००, अमेरिकेचा ११२०. विणकराकडे मुंबईत दोन माग, जपानात सरासरी अडीच, इंग्लंडात चार ते सहा, अमेरिकेत नऊ. आकडे पाहून वडिलांची बाजू मला एकदम पटली. अशा स्पर्धेत आपला माल कसा टिकणार? मालकांनीही तेच म्हटले. १९२८ च्या सुरुवातीला ससून गटाच्या गिरण्यांत नवी योजना आली. कातणाऱ्याने रिंग फ्रेमची एक बाजू पाहत होता तेथे दोन पाहाव्यात, आणि विणकराने दोनाऐवजी तीन माग चालवावेत. यालाच कार्यक्षमतेची योजना असे नाव होते.

पण तिसरा माग म्हणजे काय, हा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. सहा मागांना पूर्वी तीन विणकर लागत, आता दोन लागणार. उरलेल्या दोघांची मजुरी वाढते, पण कामाच्या प्रमाणात नाही. तिसरा विणकर रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या गाडीत बसतो. त्याला ना भत्ता, ना दुसरे काम. शिवाय माग म्हणजे नुसते यंत्र नव्हे. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवावा लागतो, धागा जोडावा लागतो, मग तो पुन्हा चालू होतो. धागा किती वेळा तुटेल हे विणकराच्या हाती नाही. ते कापसाच्या जातीवर, मिश्रणावर, आधीच्या खात्यांतल्या तयारीवर, यंत्राच्या वेगावर आणि हवेतल्या दमटपणावर अवलंबून असते. अमेरिकेतला विणकर नऊ माग पाहतो तो काही नऊ हातांनी नव्हे. त्याचे सूत बळकट असते, त्याचे माग बरेचसे स्वयंचलित असतात आणि हलकी कामे करायला वेगळी माणसे असतात. आपल्याकडे बाकीचे सारे तसेच ठेवून फक्त मागांची संख्या वाढवायची, तर ती कार्यक्षमता नव्हे. तो फक्त जादा बोजा होतो.

एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. येथे जोशींची अवस्था फार कठीण झाली. स्वभावाने ते वाटाघाटीचे माणूस. सार्वत्रिक संपाची घाई त्यांना पसंत नव्हती. पण दीड लाख माणसे बाहेर पडल्यावर दूर उभे राहणे त्यांना जमले नाही. डांगे आदी कम्युनिस्ट पुढाऱ्यांशी मतभेद असताना ते त्यांच्यासह संयुक्त संप समितीत बसले. संप जवळजवळ सहा महिने, ऑक्टोबरपर्यंत चालला. मनुष्यदिवस बुडाले ते दोन कोटींवर. हा आकडा मी मुद्दाम लिहितो, कारण कामगारांची बाजू घेणाऱ्यानेही तो लपवू नये. गिरणगावात त्या पावसाळ्यात किती घरी चूल पेटली नसेल!

संप मिटला तो चौकशी समितीच्या अटीवर. सर चार्ल्स फॉसेट यांच्या समितीने १९२९ मध्ये अहवाल दिला. कार्यक्षमतेची योजना तत्त्वतः वाजवी आहे, पण ती काही बंधने पाळूनच अमलात यावी, असा तिचा आशय होता. वरवर पाहता यात मालकांची सरशी दिसते. मला मात्र त्यातल्या बंधनांचे मोल मोठे वाटते. संपापूर्वी तिसरा माग हा खात्यातल्या एका हुकमाचा विषय होता. संपानंतर तो चौकशीचा विषय झाला. चार लोकांसमोर बसून, कापसापासून मजुरीपर्यंतचा तपशील मांडून मालकाला तो समजावून द्यावा लागला. संघटनेने कार्यक्षमतेला अडवले हे खरे. पण अडवून तिला हिशेब विचारला, हेही तितकेच खरे.

या सगळ्यात जोशींच्या पदरी काय पडले? कामगार त्यांना सोडून गेले. संपात जन्मलेली गिरणी कामगार युनियन १९२८ अखेर ५४ हजार सभासदांवर पोहोचली आणि जोशींची युनियन तिच्यापुढे लहान पडली. संयमी माणसाची भाषा उपाशी माणसाला थंड वाटते. मग १९२९ च्या मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना अटक झाली, एप्रिलात पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि तो फसला. सहा महिन्यांच्या उपासमारीनंतर सहा महिन्यांतच दुसरा संप, ही चूकच होती असे माझे मत आहे. वर्षअखेर नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस फुटली आणि जोशींना आपणच वाढवलेल्या संस्थेतून सहकाऱ्यांसह बाहेर पडावे लागले. सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनवर ते सभासद होते आणि अनेकांना तो द्रोह वाटला.

त्या कमिशनचा १९३१ चा अहवाल मात्र वाचण्यासारखा आहे. कार्यक्षमता कोठे कोठे गळते ते त्यात दिसते. जॉबरच्या हाती कामावर घेण्याची आणि काढण्याची सत्ता. नोकरीसाठी त्याला दस्तुरी द्यायची. त्यासाठी सावकाराचे कर्ज काढायचे. जो कारागीर हुशार तो नव्हे, जो जॉबरला खूष ठेवील तो मागावर. अशा खात्यात उत्पादन वाढणार कसे? जॉबरशाहीला आळा घालण्याची शिफारस कमिशनने केली, आणि १९३५ मध्ये मुंबईच्या मालकसंघानेच बदली कामगारांच्या भरतीला शिस्त लावण्याची पद्धत सुरू केली. जॉबरची तक्रार करायला कामगाराला जागा मिळाली ती युनियनमुळे. हा फायदा ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो नसतो असे नाही.

जोशींनी फुटलेली चळवळ पुन्हा सांधण्यासाठी पुढची दहा वर्षे खर्च केली. १९४० मध्ये एकी झाली आणि ते पुन्हा ट्रेड युनियन काँग्रेसचे सरचिटणीस झाले. ते पद त्यांनी १९४८ पर्यंत सांभाळले. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या कारभारी मंडळावरही त्यांनी काम केले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्रात तुरुंगवासाची थरारक प्रकरणे नाहीत. आहेत ती विधेयके, दुरुस्त्या, साक्षी आणि इतिवृत्ते. म्हणूनच कदाचित आपल्या जिल्ह्यालाही ते विसरता आले.

हा निबंध मी यंदाच्या गणपतीत पडवीत वाचून दाखवला. तिसऱ्या मागाचा भाग आला तेव्हा आजोबांनी मला थांबवले. त्यांच्याकडे चार साचे होते. चांगले सूत आले की चारांची पाळी हसत निघे. खराब सूत आले की चार साचे म्हणजे एकाच वेळी रडणारी चार पोरे होत, कोणाकडे आधी धावायचे ते कळत नसे, आणि महिनाअखेर कापड कमी भरले म्हणून बोल मात्र आजोबांना लागे. आजोबांच्या तोंडून हे मी प्रथमच ऐकत होतो. वडीलही. इतकी वर्षे युनियनवर भांडलो, पण सुताबद्दल कोणी कोणाला विचारलेच नव्हते.

वडिलांनी मात्र एक प्रश्न सोडला नाही. जोशींनी मालकाला हिशेब विचारला हे ठीक. पण १९८२ मध्ये संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा तो किती दिवस झेपेल हा हिशेब कामगारांपुढे कोणी मांडला होता का? सुमारे अडीच लाख माणसांचा तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. जुनाट यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, आणि ज्या युनियनवर कामगारांचा विश्वास उरला नव्हता तिलाच मान्यता देणारा कायदा, ही कारणे मी सांगितली. वडिलांनी ती ऐकून घेतली आणि प्रश्न तसाच ठेवला. मला वाटते, तो प्रश्न रास्त आहे. जी संघटना मालकाकडे आकडे मागते, तिने आपल्या माणसांनाही आकडे दाखवले पाहिजेत. जोशींना कामगार सोडून गेले, तरी त्यांनी हे दोन्ही हिशेब कधी सोडले नाहीत.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग आजीने पानाचा डबा पुढे ओढला आणि माझ्या वहीत एक रकाना राहिला म्हणून सांगितले. संपाच्या दिवसांत परळच्या खोलीत ती दहा माणसांची खानावळ चालवत होती आणि घर त्यावर निभावले. ते उत्पादन कोणी मोजले? मी तो रकाना वहीत घातला आहे. त्या रात्री आजी उठून आत गेली नाही.